कांपरा हात आणि खेळाचा कायदा

खेळांचा इतिहास हा गंभीर लेखनाचा विषय नव्हे, असा आपल्याकडील सुशिक्षितांचा एक जुना समज आहे. राज्यें कां बुडालीं, ग्रंथ केव्हां रचले गेले, चालीरीती कशा पालटल्या, हें जाणून घेण्यास आपण उत्सुक असतों. पण चार पावलांवरच्या खळींत चेंडू कसा लोटावा यावर दोन खंडांतील मोठमोठ्या संस्था शंभर वर्षें वाद घालीत आल्या, असें कोणी सांगूं लागल्यास ऐकणारास हंसूं येतें. आमच्या मतें हें हंसूं अस्थानीं आहे. खेळाचा नियम हा मनुष्याच्या सामर्थ्याविषयीं व दुर्बलतेविषयीं दिलेला निवाडाच असतो. कोणतें साह्य कौशल्याला पूरक आणि कोणतें साह्य कौशल्याचीच जागा बळकावणारें, हा प्रश्न न्यायमंदिरांत जितका बिकट, तितकाच क्रीडांगणावरहि बिकट आहे. गोल्फच्या खेळांत हल्लीं 'आर्म-लॉक' नांवाची जी पद्धति पुष्कळ खेळाडू आपला खेळ सुधारावा म्हणून करून पाहतात, तिच्या निमित्तानें या प्रश्नाचा थोडा पूर्वेतिहास वाचकांपुढें मांडावा, असा आमचा विचार आहे.

ज्या वाचकांनीं हा खेळ पाहिलेला नाहीं, त्यांच्यासाठीं प्रथम दोन शब्द सांगितले पाहिजेत. आपल्या देशाला हा खेळ कांहीं नवा नव्हे. ब्रिटिश बेटांच्या बाहेरील सर्वांत जुना गोल्फ क्लब कलकत्त्यास १८२९ सालीं निघाला, आणि मुंबईंत चेंबूरचा क्लब १९२७ पासून आहे. तथापि क्रिकेटप्रमाणें तो आपल्या गल्लीबोळांत शिरला नाहीं, हेंहि खरें. विस्तीर्ण मैदानांत अठरा ठिकाणीं अठरा खळ्या केलेल्या असतात. प्रत्येक खळीचा व्यास सव्वाचार इंच. हें माप १८९१ सालीं कायम झालें. खळीभोंवतीं बारीक कापलेली गुळगुळीत हिरवळ असते. दूरवरून काठीनें चेंडू मारीत मारीत तो या हिरवळीवर आणावयाचा, आणि मग 'पटर' नांवाच्या निराळ्या काठीनें त्यास हलकासा टोला देऊन खळींत घालावयाचा. या हलक्या टोल्यास 'पट' म्हणतात. ज्याचे एकंदर टोले कमी, तो जिंकला.

या हिशेबांत एक मोठी गंमत आहे. तीनशें यार्ड चेंडू उडविणारा भीमाचा टोला एक, आणि दोन फुटांवरून चेंडू लोटणारा नाजूक टोलाहि एकच. मैदानाचें प्रमाण साधारणतः ७२ टोल्यांचें धरतात व त्यांतील ३६ टोले, म्हणजे बरोबर निम्मे, हिरवळीवरचे गृहीत असतात. म्हणून ज्या कामास बळ लागत नाहीं, धांव लागत नाहीं, जें शेंबडें पोरहि करील असें दिसतें, त्याच कामावर खेळाचा निम्मा निकाल अवलंबून असतो. आणि नेमक्या याच ठिकाणीं मोठमोठ्या वीरांचा हात कांपतो.

हा कंप कल्पित नव्हे. हॅरी व्हार्डन हा जर्सी बेटांतला खेळाडू ब्रिटनची खुली स्पर्धा सहा वेळां जिंकला; हा विक्रम अद्याप कोणास मोडतां आलेला नाहीं. पण १९०३ च्या सुमारास क्षयानें त्यास गांठलें, आणि त्यानंतर जवळच्या पटाच्या वेळीं त्याचा उजवा हात अकस्मात् झटका देऊं लागला. दूरचे टोले पूर्ववत् सुंदर, आणि दोन फुटांवर दैना! पुढें या विकारास 'यिप्स' असें नांव पडलें. तें नांव रूढ करण्याचें श्रेय टॉमी आर्मर या खेळाडूस देतात. १९२७ सालची अमेरिकेची आणि १९३१ सालची ब्रिटनची खुली स्पर्धा जिंकलेल्या या गृहस्थासहि त्याच विकारानें छळलें होतें. वैद्यांचें म्हणणें असें कीं, कांहींच्या बाबतींत हा निव्वळ भीतीचा परिणाम असतो, तर कांहींच्या बाबतींत तो खरोखरीचा मज्जाविकार असतो. वर्षानुवर्षें लेखणी चालविणाऱ्या कारकुनाच्या बोटांना लिहितांना जसा पेटका येतो, त्याच जातीचा. म्हणजे ज्यानें तें काम हजारों वेळां केलें, त्याचाच हात त्या कामीं बंड करितो. नवख्याला जें भय नाहीं, तें जुन्या जाणत्याला असावें, ही दैवाची थट्टाच म्हणावयाची.

कांपणाऱ्या हातास आधार शोधणें हा मनुष्यधर्म आहे. एडिंबरोजवळील लीथ येथें १७४४ सालीं जे तेरा नियम लिहून ठेवले गेले, त्यांत काठी कशी धरावी याविषयीं चकार शब्द नाहीं. ज्यानें त्यानें आपल्या सोयीनें धरावी, अशीच तेव्हांची रीत. त्यामुळें पुढें कोणीं नवी युक्ति काढली कीं, ती खेळांत बसते कीं नाहीं हें मागाहून ठरवावें लागे. ठरविणाऱ्या संस्था दोन: स्कॉटलंडांत सेंट अँड्र्यूज येथील १७५४ सालीं निघालेली, व अमेरिकेंतील १८९४ सालीं निघालेली. या दोघींचें पहिलें मोठें भांडण एका पटरावरून झालें.

वॉल्टर ट्रॅव्हिस हा जन्मानें ऑस्ट्रेलियन. पस्तिशीच्या उंबरठ्यावर त्यानें प्रथम गोल्फची काठी हातीं घेतली, आणि थोड्याच वर्षांत तो अमेरिकेंतील हौशी खेळाडूंचा अग्रणी झाला. १९०४ सालीं तो इंग्लंडांत सँडविच येथें ब्रिटिश हौशी स्पर्धेस आला, तेव्हां त्याच्या हातीं न्यू यॉर्क प्रांतांतील स्केनेक्टडी गांवच्या आर्थर नाइट नांवाच्या गृहस्थानें योजलेला पटर होता. नेहमींच्या पटराचा दांडा डोक्याच्या एका टोकास जोडलेला असे. याचा मध्याजवळ जोडलेला होता. ट्रॅव्हिसचे पट एकामागून एक खळींत पडूं लागले आणि तो ती स्पर्धा जिंकणारा पहिला परदेशी ठरला. पुढें १९१० सालीं सेंट अँड्र्यूजच्या संस्थेनें असल्या मोगरीवजा डोक्याच्या पटरांवर बंदी घातली. अमेरिकन संस्थेनें ती मानली नाहीं. एकच काठी अटलांटिकच्या एका कांठावर सभ्य आणि दुसऱ्या कांठावर निषिद्ध, अशी स्थिति चार दशकें टिकली. १९५१ सालीं दोन्ही संस्था एकत्र बसल्या, पुढील वर्षापासून एकच नियमावली लागू झाली, आणि ती बंदी उठली. आज मध्यभागीं दांडा असलेला पटर पाहून कोणाच्या भिवया वर जात नाहींत.

दुसरा प्रसंग सॅम स्नीड याचा. अमेरिकेच्या व्यावसायिक स्पर्धांत ८२ विजय मिळविणारा हा खेळाडू पन्नाशी उलटल्यावर त्याच कंपाच्या कचाट्यांत सांपडला. १९६६ सालीं त्यानें निराळीच तोड काढली. चेंडूच्या बाजूला उभें न राहतां त्याच्या रेषेवर दोन्ही बाजूंस एक एक पाय ठेवून, तोंड खळीकडे करून, क्रोकेच्या खेळांतल्याप्रमाणें दोन पायांमधून तो चेंडू लोटूं लागला. हाताचा झटका थांबला; पण नियमकर्त्यांस ती मूर्ति रुचली नाहीं. १९६८ च्या आरंभापासून पटाच्या रेषेवर अगर ती मागें वाढविली असतां होणाऱ्या रेषेवर पाय ठेवून उभें राहण्यास मनाई झाली. स्नीड हार जाणारा नव्हता. त्यानें दोन्ही पाय रेषेच्या एकाच बाजूस आणले, तोंड मात्र खळीकडेच ठेवलें, आणि घोड्यावर एकांगी बसलेल्या स्वाराप्रमाणें तो तसाच खेळत राहिला. कायद्यानें एक दार लावलें कीं गरज शेजारची खिडकी उघडते, याचें हें उत्तम उदाहरण होय.

तिसरी युक्ति लांब पटराची. चार्ली ओवेन्स हा अमेरिकेच्या सैन्यांतला छत्रीधारी शिपाई. उडी घेतांना झालेल्या दुखापतीनें त्याचा पाय कायमचा जायबंदी झाला होता. सुमारें पन्नास इंच लांबीचा पटर छातीशीं टेकवून तो खेळे, आणि १९८६ सालीं त्यानें ज्येष्ठांच्या दोन स्पर्धा जिंकल्या. १९६९ चा अमेरिकेचा खुला विजेता ऑर्व्हिल मूडी हाहि जुना सैनिकच. पटांनीं त्याचें जीवित नकोसें केलें होतें. लांब पटर घेऊन १९८९ सालीं त्यानें ज्येष्ठांची खुली स्पर्धा मिळविली. काठीचें वरचें टोंक शरीराशीं टेकलें म्हणजे तें लंबकाच्या खुंटीप्रमाणें स्थिर होतें. मग हातानें केवळ झोका द्यावयाचा. पुढें याचीच मध्यम लांबीची, पोटाशीं टेकविण्याची आवृत्ति निघाली. नियमकर्त्यांनीं हें सर्व पाहिलें आणि पंचवीस वर्षें पाहूनहि न पाहिल्यासारखें केलें. म्हातारे, जायबंदी आणि कांपऱ्या हाताचे लोक कुबडी वापरीत आहेत, वापरोत बिचारे, असाच त्यांचा भाव दिसतो.

पण २०११ सालीं कीगन ब्रॅडली या पंचवीस वर्षांच्या तरुणानें पोटाशीं टेकविलेल्या पटरानें व्यावसायिकांची मोठी स्पर्धा जिंकली. २०१२ सालीं वेब सिम्प्सननें अमेरिकेची व अर्नी एल्सनें ब्रिटनची खुली स्पर्धा तशाच पटरानें घेतली. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत दोन्ही संस्थांनीं नव्या नियमाचा मसुदा प्रसिद्ध केला. २०१३ च्या एप्रिलांत अॅडम स्कॉट लांब पटरानें मास्टर्स स्पर्धा जिंकला, आणि त्याच स्पर्धेंत चौदा वर्षांचा एक चिनी मुलगा पोटाच्या पटरानें खेळतांना जगानें पाहिला. मेमध्यें नियम कायम झाला, आणि १ जानेवारी २०१६ पासून काठी शरीराशीं टेकवून टोला मारण्यास बंदी झाली. पटर कितीहि लांब असो, तो अंगास टेकतां कामा नये. अमेरिकेंतील व्यावसायिकांच्या संघटनांनीं प्रथम विरोध केला, पण अखेरीस त्यांनींहि मान तुकविली.

येथें आम्ही वाचकांचें लक्ष एका गोष्टीकडे वेधूं इच्छितों. या तिन्ही प्रसंगीं कायदा युक्तीच्या जन्मकाळीं जागा झाला नाहीं; ती प्रतिष्ठित हातीं गेल्यावर जागा झाला. स्केनेक्टडी पटर ट्रॅव्हिसनें परक्या भूमींत विजयी केला म्हणून डोळ्यांत सलला. पायांमधून पट मारणारे स्नीडच्या आधींहि होते. पण स्नीडसारखा नामांकित पुरुष तसें करूं लागल्यावर तें दृष्य सर्वांस दिसलें. ओवेन्सची कुबडी दयेनें खपली. तीच ब्रॅडलीच्या हातीं येतांच शस्त्र ठरली. क्रिकेटच्या इतिहासांत याहून निराळें काय घडलें? १८२२ सालीं लॉर्ड्सवर जॉन विल्स यानें हात बाजूस फिरवून चेंडू टाकला, तेव्हां पंचानें तो बाद ठरविला, आणि विल्स रागानें मैदान सोडून गेला. पण १८३५ सालीं तीच फेंक वैध झाली आणि १८६४ सालीं डोक्यावरून हात फिरविण्यासहि मोकळीक मिळाली. तेथें कायद्यानें नव्या युक्तीपुढें मान वांकविली; येथें युक्तीस वांकावें लागलें. परंतु दोन्हीकडे प्रश्न एकच होता: खेळाचा प्राण कशांत आहे?

संस्थांनीं बंदीचें जें कारण दिलें तें विचारणीय आहे. अंगाशीं टेकविल्यानें पट अधिक पडतात असें आंकड्यांनीं सिद्ध करण्याच्या भरीस त्या पडल्या नाहींत. त्यांचें म्हणणें इतकेंच कीं, दोन्ही हातांनीं काठी धरून ती मोकळेपणीं फिरविणें हाच टोल्याचा अर्थ होय. ताणाखालीं हात ताब्यांत ठेवणें ही खेळाच्या परीक्षेंतली एक उत्तरपत्रिकाच आहे. ती टाळून उत्तीर्ण होतां येणार नाहीं. या म्हणण्यांत तथ्य आहे. खेळ म्हणजे तरी काय? आपण होऊन पत्करलेल्या अडचणी. चेंडू हातानें उचलून खळींत टाकणें सर्वांत सोपें. तें करावयाचें नाहीं, येथूनच तर खेळाचा आरंभ होतो.

तर मग आर्म-लॉकचें स्थान कोठें? या पद्धतीचें मूळ बर्नहार्ड लांगर या जर्मन खेळाडूकडे जातें. विशीच्या आसपासच त्यास कंपानें गांठलें आणि पुढेंहि तो पुनः पुनः उलटत राहिला. शेवटीं त्यानें डावा हात काठीवर पुष्कळ खालीं नेला, काठीची मूठ डाव्या हाताच्या कोपराखालच्या भागास लावली, आणि उजव्या हातानें ती मूठ व तो हात दोन्ही एकत्र आवळून धरलीं. जणूं मोडक्या हाडास वैद्यानें फळी बांधावी. १९९१ सालीं रायडर चषकाच्या अगदीं शेवटच्या हिरवळीवर, सहा फुटांच्या एका पटावर दोन खंडांचा निकाल येऊन ठेपला, आणि लांगरचा पट चुकला. दुसरा एखादा त्या धक्क्यानें खचला असता. लांगरनें पुढच्याच आठवड्यांत जर्मनींतील स्पर्धा जिंकली, आणि १९९३ सालीं याच पकडीनें मास्टर्स स्पर्धा दुसऱ्यांदा मिळविली.

या पकडीस आजचें सुटसुटीत रूप अमेरिकेच्या मॅट कूचरनें दिलें. कंपानें हैराण झालेला खेळाडू म्हणून तो प्रसिद्ध नव्हता. केवळ टोला अधिक स्थिर व्हावा एवढ्याचसाठीं त्यानें ती पत्करली, आणि २०१२ सालीं प्लेयर्स स्पर्धा जिंकली. ब्रायसन डीशँबो हा भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. त्यानें आधीं स्नीडची एकांगी पद्धति करून पाहिली; पण २०१७ च्या आरंभीं त्याचा पटर नियमांत बसेना, तेव्हां तो आर्म-लॉककडे वळला आणि २०२० सालीं अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकला. पोटाचा पटर गमावलेला वेब सिम्प्सनहि याच पद्धतीच्या आश्रयास आला आणि २०१८ सालीं प्लेयर्स स्पर्धेचा विजेता झाला.

तिची रचना समजण्यास सोपी आहे. साधा पटर ३३ ते ३५ इंच लांब असतो. हा चाळीस इंचांच्या पुढें असतो. मूठ मनगटावरून वर जाऊन डाव्या हाताच्या आंतल्या बाजूस, कोपराच्या खालीं, चिकटून बसते. त्यामुळें हात आणि काठी मिळून एकच सरळ दांडा होतो. मनगटास वळण्यास जागाच उरत नाहीं, आणि कंपाचें घर बहुधा मनगटांत व बोटांत असल्यामुळें त्याचा मार्ग बंद होतो. टोला मारण्याचें काम खांद्यांकडे जातें. खांद्याचे स्नायू मोठे व मंद असतात. ते सहसा दचकत नाहींत.

जे हौशी लोक ही पद्धति करून पाहूं इच्छितात, त्यांनीं दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली अशी कीं, जुना पटर तसाच हातास लावून भागत नाहीं. मूठ हातास भिडविण्यासाठीं काठी पुढें, खळीच्या दिशेनें झुकवावी लागते. साध्या पटराचा चेहरा तीन-चार अंशच मागें कललेला असतो. काठी पांच अंश पुढें झुकविली कीं तो चेहरा उलट जमिनीकडे वळतो, आणि चेंडू घरंगळण्याऐवजीं गवतांत दाबला जाऊन उसळतो. म्हणूनच या पद्धतीच्या पटरांना मुद्दाम अधिक कल दिलेला असतो. दुसरी गोष्ट अशी कीं, कुलूप दिशेला लागतें, अंतराला नाहीं. चार फुटांवरून चेंडू सरळ नेणें हा या पद्धतीचा गुण. पण चाळीस फुटांवरून तो खळीजवळ नेऊन थांबविण्यास बोटांतली जी जाण लागते, ती बोटें बांधून घेतल्यावर कांहीं काळ तरी बोथट होते. ज्याचा हात खरोखर कांपतो, त्यास हा सौदा किफायतीचा वाटेल. ज्याचे पट केवळ आळसानें चुकतात, त्यास कोणतेंहि कुलूप तारणार नाहीं.

आतां कायद्याकडे वळूं. २०१६ च्या नियमानें काठी पोटास, छातीस किंवा हनुवटीस टेकविण्याची मनाई केली. पण कोपराखालच्या हाताचा अपवाद स्पष्ट शब्दांत राखून ठेवला. २०२३ च्या नियमावलींतहि तो कायम आहे. कोपराच्या खालीं आधार घेतला तर तो सज्जन, कोपराच्या वर घेतला तर अपराधी, अशी ही वाटणी आहे. तिला तर्काचा आधार मुळींच नाहीं असें नव्हे. पोट हलत नाहीं, म्हणून तें खुंटी होतें. हात टोल्याबरोबर फिरतो, म्हणून तो खुंटी होऊं शकत नाहीं. तथापि मनगट बांधून टाकणें ही देखील ताण चुकविण्याचीच एक युक्ति आहे, हें टीकाकारांचें म्हणणें सहज झटकून टाकतां येत नाहीं. डीशँबोच्या विजयानंतर आर्म-लॉकवरहि बंदी घाला अशी मागणी खुद्द कांहीं नामांकित खेळाडूंनीं केली, यांत नवल नाहीं. ही युक्तिहि दुबळ्याच्या हातून प्रतिष्ठिताच्या हातीं पोंचलेली आहे, आणि मागचा इतिहास आपण पाहिलाच.

आम्हांस विचाराल तर आमचें मत असें आहे. कायद्यानें रेषा कोठें तरी ओढलीच पाहिजे, आणि कोणतीहि रेषा ओढली तरी तिच्या दोन्ही बाजूंस एकमेकांसारखींच दिसणारीं माणसें सांपडणार. त्याबद्दल नियमकर्त्यांस दोष देणें योग्य नव्हे. परंतु ती रेषा ओढतांना त्यांनीं ज्याच्या हातीं विजयाचा चषक आहे त्याच्याकडेच पाहूं नये. ज्यानें ती युक्ति प्रथम गरजेपोटीं शोधली, त्याच्याकडेहि पाहावें. ब्रॅडली तरुण होता, दुसरी पद्धति शिकला आणि पुनः जिंकला. ओवेन्सच्या जायबंदी पायास तसा पर्याय नव्हता. बलवानाच्या यशास आळा घालण्यासाठीं केलेला नियम बहुधा बलवानास फारसा बाधत नाहीं. त्याचा भार कोपऱ्यांत उभ्या असलेल्या दुसऱ्याच कोणावर पडतो. खेळाच्या कायद्याप्रमाणें हें राज्याच्या कायद्यासहि लागू आहे.

आणि मनुष्याच्या चिकाटीची गोष्ट शेवटीं कायद्याहून मोठी ठरते, हेंहि या इतिहासांत दिसतें. लांगरनें पुढें लांब पटर घेतला होता. बंदी आल्यावर त्यानें तोच पटर ठेवला, फक्त छातीपासून बोटभर दूर धरला. त्या मोकळ्या हातानें, वयाच्या ६५ व्या वर्षीं, २०२३ सालीं त्यानें अमेरिकेची ज्येष्ठांची खुली स्पर्धा जिंकली. ज्या हातानें विशींत दगा दिला, त्याच हाताशीं हा पुरुष चाळीस-पंचेचाळीस वर्षें नवेनवे करार करीत राहिला. पकडी बदलल्या, काठ्या बदलल्या, नियम बदलले; खेळणें मात्र त्यानें सोडलें नाहीं. आर्म-लॉक करून पाहणाऱ्या हौशी खेळाडूस या इतिहासांतून घेण्यासारखें कांहीं असेल तर तें हेंच कीं, आधार शोधण्यांत लाज नाहीं. पण कोणताहि आधार कायमचा आपला नसतो.